जुन्या डीप फ्रीझरचे भेषजागार

मृग नक्षत्र लागून पहिल्या सरी कोसळल्या की औषधालयातील बरण्या बोलू लागतात. लवणभास्कर चूर्णाची ढेकळे होतात, यवक्षाराच्या बाटलीच्या तळाशी पाणी साचते, सितोपलादि चूर्ण चमच्याला चिकटते, गुग्गुळ कल्पांच्या वट्या एकमेकींना बिलगतात. श्रावण उजाडेपर्यंत सुंठीला बारीक भोके पडलेली असतात आणि पिंपळीवर पांढुरकी बुरशी दिसू लागते. अशा वेळी औषधालयाच्या चालकापुढे दोन मार्ग असतात. माल टाकून द्यावा आणि नुकसान सोसावे, किंवा चाळून, उन्हात घालून तोच माल पुन्हा बरणीत भरावा. दुसरा मार्ग किती ठिकाणी पत्करला जातो, याची चर्चा आपण वैद्यमंडळी आपसांत फारशी करत नाही. परंतु बुरशीने ग्रासलेले चूर्ण चाळल्याने शुद्ध होत नाही. बुरशीच्या काही जातींपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिनसारखे विष चाळणीने निघत नाही, उन्हाने जात नाही आणि रुग्णाच्या यकृतावर त्याचा परिणाम होतो. म्हणून साठवणुकीचा हा प्रश्न व्यापाराचा आहे त्याहून अधिक चिकित्सेचा आहे.

मोठ्या औषधनिर्मात्यांकडे वातानुकूलित भांडारे असतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात एका गाळ्यात चिकित्सालय आणि औषधालय चालविणाऱ्या वैद्याला ते परवडत नाही. त्याच्यासाठी अल्प खर्चाचा एक उपाय आहे. अडगळीत पडलेला जुना डीप फ्रीझर घेऊन त्याचे तापमान व आर्द्रता नियंत्रित असलेल्या लहानशा भेषजागारात रूपांतर करणे, हा तो उपाय होय. तो कसा करावा, कोठे सावध राहावे आणि त्यात काय ठेवू नये, याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत.

शास्त्राची अपेक्षा

यंत्राचे नाव काढताच काही ज्येष्ठ वैद्य नापसंती दर्शवितात. म्हणून प्रथम शास्त्राकडे पाहू. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात औषधिसंग्रहाचे गृह कसे असावे ते सांगितले आहे. दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, आत वाऱ्याचा झोत नसावा परंतु एका भागात हवा खेळती असावी, अग्नी, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद प्राणी यांची बाधा होऊ नये आणि औषधे नीट झाकून शिंक्यांवर टांगून ठेवावीत, असा त्याचा आशय आहे. सुश्रुतानेही सूत्रस्थानात कापड, मातीची भांडी, फळ्या व खुंट्या यांवर औषधे ठेवण्याचे सांगून धूर, पाऊस, वारा आणि क्लेद यांपासून सर्व ऋतूंत संरक्षण असलेले घर अपेक्षिले आहे. ‘सर्व ऋतूंत’ या अटीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. सिमेंटचे छत, पत्र्याचे शटर आणि शेजारी चहाची टपरी असलेल्या आजच्या गाळ्यात ही अट पूर्ण होत नाही. जाड उष्णतारोधक भिंती आणि घट्ट बसणारे झाकण असलेली पेटी ती पुष्कळ अंशी पूर्ण करते. शिंके जे साधत होते तेच येथे दुसऱ्या साधनाने साधावयाचे आहे.

शार्ङ्गधराने कल्पांच्या सवीर्यतेची मर्यादा दिली आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह एक वर्ष टिकतात, घृत-तैलांची मर्यादा सामान्यतः सोळा महिने समजली जाते, आणि आसव, धातूंची भस्मे व रसकल्प जितके जुने तितके गुणवान. मराठवाड्यातील वैद्याने ज्येष्ठात केलेले चूर्ण या हिशेबाने श्रावणात संपते. म्हणजे त्याचे सारे आयुष्य पावसाळी हवेत जाते. चूर्णाला एवढी अल्प मुदत का दिली, याचे उत्तर येथे दिसते. द्रव्याचे तुकडे जितके सूक्ष्म तितका त्याचा हवेशी संपर्क अधिक, तितकी क्लेदाची बाधा लवकर.

सिगारची पेटी आणि सुंठीचा किडा

या कामी आम्हांला उपयोगी पडलेली युक्ती अगदी वेगळ्या क्षेत्रातील आहे. पाश्चात्त्य देशांत महागडे सिगार साठविणारे शौकीन जुन्या फ्रिजची किंवा फ्रीझरची नियंत्रित पेटी घरीच तयार करतात. सिगार फार कोरडा झाला तर कडवट जळतो, फार ओला झाला तर बुरशी धरतो. त्यामुळे ते १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता राखतात. आम्ही तंबाखूचा पुरस्कार करीत नाही, हे वेगळे सांगावयास नको. परंतु चरकाने सूत्रस्थानात वर्णिलेली आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड आणि यवाप्रमाणे मध्ये फुगीर धूमवर्ती ज्या वैद्यांनी स्वहस्ते केली असेल, त्यांना वनस्पतींच्या कल्काची अशी वर्ती पावसाळ्यात जपणे किती कठीण असते, हे ठाऊक असेलच.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांचा शत्रू व आपला शत्रू एकच आहे. सिगारला भोके पाडणारा दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा, ज्याला शास्त्रीय परिभाषेत लासिओडर्मा सेरिकॉर्न म्हणतात, तोच सुंठ, हळद, धने आणि मिरची पोखरतो. त्याचा जवळचा नातलग स्टेगोबियम पॅनिसियम. इंग्रजीत त्याचे रूढ नावच ‘ड्रगस्टोअर बीटल’, म्हणजे औषधाच्या दुकानातील भुंगेरा असे आहे. पूर्वी युरोपातील औषधालयांत त्याने वनस्पतिज द्रव्यांचा इतका फडशा पाडला की हे नाव त्याला कायमचे चिकटले. वत्सनाभ, कुचला यांसारखी विषद्रव्येही तो पचवितो, अशी नोंद आहे. उबदार हवेत या किड्यांची पिढी दीड-दोन महिन्यांत पूर्ण होते. तापमान वीस अंशांच्या आसपास आले की त्यांची वाढ बरीच मंदावते. सिगारवाले पेटी थंड का ठेवतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

मात्र त्यांचे आर्द्रतेचे प्रमाण आपल्याला चालणार नाही. ६५ टक्क्यांपलीकडे बुरशीला वाव मिळतो. चूर्ण, वटी व क्षार यांच्यासाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता आणि २० ते २४ अंश तापमान आम्ही योग्य मानतो. त्याहून फार कोरडी हवा केल्यास वट्यांना चिरा पडतात, म्हणून ‘जितके कोरडे तितके चांगले’ हा समजही सोडावा.

थंड हवा ओली का होते?

पुष्कळ जणांची अशी समजूत असते की औषध फ्रिजमध्ये ठेवले की ते सुरक्षित झाले. नुसते थंड करणे पावसाळ्यात अपायकारक ठरते. हा भाग थोडा गणिती आहे, परंतु तो समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हवा जितकी उष्ण तितके अधिक बाष्प ती धरू शकते. २८ अंशांची एक घनमीटर हवा सुमारे २७ ग्रॅम बाष्प धरते, २२ अंशांची हवा जेमतेम १९ ग्रॅम. श्रावणातील झडीच्या दिवशी बाहेर २८ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा पेटीत कोंडून २२ अंशांपर्यंत थंड केली की चार ग्रॅम बाष्पाला जागाच उरत नाही. ते दवरूपाने भिंतींवर, बरण्यांवर, सैल झाकणाच्या आतही उतरते. पेटी थंड झाली आणि आर्द्रता शंभर टक्के झाली.

वैशाखात चित्र उलटे असते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवरील आपल्या शहरात मे महिन्यात पारा चाळीशीला टेकतो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते. ४० अंश व १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे आठ ग्रॅमहून कमीच बाष्प असते. ती २२ अंशांवर आणली तरी आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच. कोकणातील वैद्याला हा लाभ नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात केवळ शीतन पुरते, आणि आषाढापासून आश्विनापर्यंत शीतनाबरोबर शोषणही करावे लागते.

आता पेटीचा हिशेब. तीनशे लिटरची रिकामी पेटी म्हणजे एक घनमीटरचा तिसरा हिस्साही नव्हे. पावसाळ्यात झाकण उघडून आतील सारी हवा बदलली, तर सुमारे सात ग्रॅम बाष्प आत येते. ५० टक्के आर्द्रतेसाठी त्यांतील चार ग्रॅम शोषून घ्यावे लागते. कोरडे सिलिका जेल या आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक पाणी धरते. एक किलो जेल सुमारे दोनशे ग्रॅम पाणी घेईल, म्हणजे झाकण पन्नास वेळा उघडले तरी पुरेल.

परंतु हा हिशेब हवेचा झाला, औषधाचा नव्हे. पाच किलो चूर्णातील जलांश १२ टक्के आहे व तो ८ टक्क्यांवर यावयाचा आहे, असे समजा. तेवढ्यासाठी दोनशे ग्रॅम पाणी बाहेर पडेल. संपूर्ण एक किलो जेल एकाच बरणीने संपविले! पेटीतील खरे पाणी हवेत नसते, ते द्रव्यात असते. म्हणून ओलसर द्रव्य पेटीत टाकून ते सुकेल अशी अपेक्षा करू नये. छायाशुष्क किंवा मंद उष्णतेवर वाळवलेले द्रव्यच आत ठेवावे. पेटी कोरडेपणा राखते, तो निर्माण करण्याचे काम तिचे नव्हे.

कोणता फ्रीझर घ्यावा?

आपल्या शहराला शीतयंत्रे अपरिचित नाहीत. पैठण मार्गावरील चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात अनेक वर्षे फ्रिज तयार होत असत. जुने फ्रिज व फ्रीझर भंगारवाल्यांकडे, बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानांत, मंगल कार्यालयांत सहज मिळतात.

वर झाकण असलेली आडवी पेटी प्रथम पसंतीची समजावी. तिचे झाकण उघडले तरी थंड हवा जड असल्यामुळे खालीच राहते. काचेच्या सरकत्या झाकणाची पेटी घेऊ नये, कारण काचेतून प्रकाश व उष्णता दोन्ही आत येतात. मांस किंवा मासळी साठविलेला फ्रीझर स्वस्त मिळाला तरी नाकारावा. त्याचा गंध अस्तरात मुरलेला असतो आणि चूर्णे गंध चटकन घेतात. घेतलेली पेटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, झाकण उघडे ठेवून चार-पाच दिवस कडक उन्हात तापवावी. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी धरून झाकण लावावे व पट्टी ओढून पाहावी. ती सहज निघून आली तर रबर बदलावे. सगळ्या खटाटोपात हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे. फार जुन्या पेटीला बाहेरून अडकणारी कडी असेल तर ती काढून टाकावी. अशा पेट्यांत लपलेली मुले आतून झाकण उघडू न शकल्यामुळे गुदमरून दगावली आहेत.

यंत्रातील वायूविषयी दोन शब्द. जुन्या यंत्रांत आर-१२ नावाचा क्लोरोफ्लुरोकार्बन असे. मॉन्ट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून विकसनशील देशांतही त्याचा वापर बंद झाला. अशा यंत्रातील वायू गळून गेला असेल तर त्याच्या दुरुस्तीवर पैसा घालू नये. नंतरच्या यंत्रांत आर-१३४ए आणि अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. हा शेवटचा वायू ज्वालाग्राही आहे. मागील पट्टीवर त्याचे नाव असेल तर नळ्यांशी खेळ करू नये, ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

रूपांतराची रीत

पेटीच्या भिंतीला छिद्र पाडू नये, हा पहिला नियम. आडव्या फ्रीझरमध्ये शीतनाच्या नळ्या भिंतींच्या आतच फिरविलेल्या असतात. खिळा लागला की वायू गेला आणि पेटी कामातून गेली. तारा आत नेण्यासाठी तळाशी पाणी काढण्याचे छिद्र असते, त्याचा उपयोग करावा. ते नसेल तर चपटी तार झाकणाच्या रबराखालून घ्यावी.

फ्रीझरचे मूळ नियंत्रक उणे तापमानासाठी असते, त्याची कळ कितीही फिरवली तरी ते २२ अंशांवर थांबत नाही. म्हणून बाजारात मिळणारे अंकदर्शी तापमान नियंत्रक घ्यावे आणि फ्रीझरचा वीजपुरवठा त्याच्यातून न्यावा. पेटी २४ अंशांवर गेली की ते यंत्र सुरू करील, २१ वर आली की बंद करील. यंत्र सुरू होताना क्षणभर प्रवाह बराच वाढतो, म्हणून नियंत्रकाचा रिले किमान १६ अँपिअरचा असावा. एकदा बंद पडल्यावर पाच मिनिटे तरी यंत्र पुन्हा सुरू होऊ नये, अशी विलंबाची सोय त्या नियंत्रकात असते, ती अवश्य लावावी. तापमानाची सुई हवेत लोंबती न ठेवता मधल्या एखाद्या भरलेल्या बरणीला बांधावी. मग झाकण उघडताच यंत्र दचकून सुरू होणार नाही.

यंत्र शून्याखाली अठरा अंशांसाठी घडविलेले असल्याने आपल्या कामाला ते गरजेपेक्षा पुष्कळ समर्थ ठरते. साठ मिलिमीटर जाडीच्या फोमच्या भिंती असतील, तर भर मे महिन्यातही बाहेरून आत झिरपणारी उष्णता साधारण २५ ते ३० वॉट, म्हणजे जुन्या छोट्या दिव्याहूनही कमी असते. परिणामी यंत्र तासातून थोडीच मिनिटे चालते. फार वेळा चालू-बंद होऊ नये म्हणून तळाशी पाण्याने भरलेल्या, घट्ट झाकणाच्या काही बाटल्या ठेवाव्यात, त्यांच्यामुळे तापमान सावकाश बदलते. विजेच्या चढउताराचा अनुभव आपणा सर्वांना आहेच. स्टॅबिलायझरशिवाय ही जोडणी करू नये.

यंत्र चालू असताना पेटीच्या भिंती आतील हवेपेक्षा पुष्कळ थंड होतात व त्यांवर दव जमते. ते ओघळून तळाशी येते आणि यंत्र थांबल्यावर पुन्हा हवेत मिसळते. म्हणून तळाच्या छिद्रातून ते पाणी बाहेर एका बाटलीत जाऊ द्यावे. बाटलीत थोडे पाणी राखून नळीचे टोक बुडते ठेवावे, म्हणजे बाहेरची हवा आणि झुरळे आत येणार नाहीत. लाकडी पट्ट्या ठोकून चौकट करावी व ती आत उतरवावी, जेणेकरून कोणतीही बरणी भिंतीला किंवा तळाला टेकणार नाही. कडुनिंबाचे किंवा सागाचे जुने, मुरलेले लाकूड चांगले. नवे रंग किंवा वार्निश लावू नये. आडव्या पेटीत तळाशी २० आणि वर २६ अंश असा भेद पडतो, तो घालविण्यासाठी संगणकातील बारा व्होल्टचा लहान पंखा बसवावा.

ज्या पेटीचे यंत्र कायमचे निकामी झाले आहे तीही वाया जात नाही. अर्धवाहकाच्या पेल्टियर पट्टिकेने, एका बाजूला पंखा व दुसऱ्या बाजूला पन्हाळीदार अॅल्युमिनियमची ठोकळी लावून, माफक शीतन करता येते. ही पट्टिका झाकणात बसवावी, कारण झाकणात सहसा नळ्या नसतात. उन्हाळ्यात तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही आणि वीजही ती प्रमाणाबाहेर खाते. आमचे मत असे की, यंत्र गेलेल्या पेटीचा उपयोग शीतनाशिवाय, केवळ कोरडी पेटी म्हणून करावा. सिलिका जेल घातलेली घट्ट पेटी श्रावणातील निम्म्याहून अधिक कटकटी निवारते.

आर्द्रता मोजणे आणि राखणे

स्वस्त आर्द्रतामापके पाच-दहा टक्क्यांनी खोटे बोलतात. त्यांची परीक्षा घेण्याची सिगारवाल्यांची रीत फारच सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन थेंब थेंब पाण्याने ते ओल्या वाळूसारखे करावे. मापकासह ते घट्ट डब्यात बारा तास ठेवावे. डब्यातील आर्द्रता ७५ टक्के होते, मग बाहेर ऊन असो वा पाऊस. मापक ७० दाखवीत असेल तर ते पाचने कमी सांगते, एवढे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे.

हीच गोष्ट आपल्या क्षारांचे रहस्य उलगडते. मिठाचे पाणी होण्यास ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते. पोटॅशियम कार्बोनेट मात्र ४३ टक्क्यांपलीकडेच पाझरू लागते, आणि यवक्षारात ते असते. म्हणून आषाढाच्या पहिल्या आठवड्यातच यवक्षार विरघळतो व शेजारचे सैंधव मात्र झडीची वाट पाहते. नवसागर, यवक्षार घातलेल्या चूर्णांना पेटीतही स्वतंत्र, मेण लावून बंद केलेली बाटली द्यावी.

सिलिका जेल निळ्या रंगाचे घेऊ नये. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो व औषधांशेजारी त्या विषारी लवणाला स्थान नाही. नारिंगी जेल मिळते, तेच घ्यावे. सुती पिशवीत भरून ते पंख्यासमोर टांगावे. रंग पालटला की कढईत मंद आचेवर, १२० अंशांच्या आसपास, दोन-तीन तास परतून पुन्हा वापरता येते. आचेवरून काढल्यावर घट्ट डब्यातच निवू द्यावे, नाहीतर पावसाळी हवा ते तासाभरात पुन्हा भिजविते.

काय ठेवावे, काय ठेवू नये

पेटीतील जागा थोडी असते, ती मौल्यवान व नाजूक द्रव्यांना द्यावी. केशर, वंशलोचन, गुडूचीसत्त्व, सुंठ, पिंपळी, अश्वगंधा यांसारखी कीड लागणारी द्रव्ये, खडीसाखर असलेली चूर्णे, गुग्गुळ कल्प व क्षार हे प्रथम. भस्मे आणि कूपीपक्व रसायने यांना या पेटीची गरज नाही, बुचाची कोरडी शिशी पुरे. आसवारिष्टे बाहेरच असू द्यावीत. च्यवनप्राशासारखे अवलेह थंडीत शर्करेचे कण धरतात, तेही बाहेर.

कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि हिंग यांना या पेटीत प्रवेश नसावा. बंद पेटीत पंख्याने फिरणारा कापराचा वास आठवडाभरात सगळ्या चूर्णांना लागतो. मग केशरालाही कापराचाच गंध येतो आणि प्लास्टिकचे अस्तर मऊ पडते ते वेगळे.

आणखी एक सूचना. धान्याच्या कोठारात ठेवतात त्या विषारी धुरीच्या गोळ्या काही जण काष्ठौषधीच्या पोत्यांत टाकतात. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला मारतो. बंद गाळ्यात, जेथे रुग्ण बसतात तेथे, हा प्रकार अक्षम्य आहे.

यंत्र सशक्त असेल तर...

ज्यांचा फ्रीझर अजूनही शून्याखाली अठरा अंश गाठतो, त्यांना आम्ही असे सुचवू की, रूपांतराची घाई करू नये. गोठविणे हा कीडनाशाचा निर्विष उपाय आहे. काही मोठे सिगार उत्पादक निर्यातीपूर्वी माल गोठवितात तो याचसाठी. नवीन आणलेली पूर्ण कोरडी सुंठ, हळद किंवा पिंपळी एकेक किलोच्या जाड पिशव्यांत हवा काढून बंद करावी व सात दिवस त्या तापमानात ठेवावी. अंडी, अळी, कोश, भुंगेरा सर्व अवस्था मरतात. पिशवी मोठी असेल तर गाभ्यापर्यंत थंडी पोहोचण्यास दोन दिवस लागतात, ते हिशेबात धरावेत. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये. थंड द्रव्यावर लगेच दव धरते आणि केलेले काम पाण्यात जाते. द्रव औषधे, अवलेह, घृते, वट्या व ओली द्रव्ये गोठवू नयेत.

या उपायाने कीड मरते, बुरशीचे विष जात नाही. किडीने पोखरलेल्या मालातील मेलेले किडे चाळून तो रुग्णाला द्यावा, यासाठी तर हा उपाय मुळीच नाही. स्वच्छ माल स्वच्छ राहावा, एवढ्यासाठीच तो करावा.

समाप्तीची तारीख

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१-बी या नियमाने आयुर्वेदीय औषधांच्या वेष्टनावर समाप्तीची तारीख देणे बंधनकारक आहे. औषध आपल्या पेटीत कितीही उत्तम राहिले तरी ती तारीख पुढे सरकत नाही. हे पेटीचे नवे मालक सोयीस्करपणे विसरतात, म्हणून लिहिले. २००० साली लागू झालेल्या परिशिष्ट ‘टी’ मधून, केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना सूट आहे. ही सूट प्रमाणपत्रापुरती आहे, औषध कोरडे ठेवण्यापासून नाही. अशा वैद्यांनी प्रत्येक बरणीवर द्रव्याचे नाव, खरेदीचे ठिकाण, चूर्ण केल्याची तिथी आणि पेटीत ठेवल्याचा दिवस लिहावा, व शार्ङ्गधराची मुदत डोळ्यांपुढे ठेवावी. आमच्या मते शक्य तेथे द्रव्य अखंड साठवून दर पंधरवड्याला लागेल तेवढेच चूर्ण करणे हे कोणत्याही यंत्राहून श्रेयस्कर आहे. अश्वगंधेचे मूळ जे सहज पेलते ते अश्वगंधेचे चूर्ण पेलत नाही. गुडूची, वासा, कुटज, शतावरी इत्यादी जी द्रव्ये शास्त्राने ओलीच घ्यावयास सांगितली आहेत, त्यांचा तर येथे विचारच नको.

पेटीजवळ एक वही टांगावी. सकाळी औषधालय उघडताना आणि रात्री बंद करताना तापमान व आर्द्रता लिहावी. वीज गेली तर झाकण उघडू नये, भरलेली पेटी बराच काळ आपली थंडी राखते. सलग तीन दिवस आर्द्रता ५५ च्या वर दिसली तर रबर, तळाचे छिद्र व सिलिका जेल या क्रमाने तपासावे. बहुधा दोष रबरातच सापडतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एक दिवस पेटी पूर्ण रिकामी करावी, कोपऱ्यांत साचलेली भुकटी ब्रशने झाडावी, कारण किड्यांची नवी पिढी तेथेच जन्म घेते, आणि चौकटीसह पेटी दिवसभर उन्हात उघडी ठेवावी. माघापर्यंत यंत्र बंद ठेवले तरी चालते. होळीच्या सुमारास दुपारचा पारा वर जाऊ लागला की ते पुन्हा सुरू करावे.